मळकं आण, धुतलेलं नको

फोन आला तेव्हा मी आवाज धूत बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. एका शाळेच्या संमेलनातली गाणी कॉम्प्युटरवर घेतली होती आणि मुलींच्या आवाजामागची पंख्याची घरघर, खुर्च्या सरकल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला, असं एकेक निवडून काढून टाकत होतो. नांदेडच्या माझ्या घरातल्या आठ बाय दहाच्या खोलीत हे तांदूळ निवडण्यासारखं काम मी वीस वर्षं करतोय आणि ते मला चांगलं जमतं अशी माझी समजूत होती. फोनवर लातूरहून राजेश्वरी होती, चन्नप्पाअण्णांची मुलगी. "काका, अण्णा गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "आत्ताच. चहा मागितला होता. मी आत गेले, घेऊन येईपर्यंत..." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता सांगायचं राहिलं ते राहिलंच. माणूस गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. हे लिहायची लाज वाटते, पण क्रम असाच होता.

मिळाली ती एसटी पकडून लातूरला पोचलो तेव्हा सगळी तयारी झाली होती. अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवलेले अण्णा मशीनपुढं बसायचे तसेच दिसत होते, फक्त मान थोडी कलली होती. लोक ओळीनं माती देत होते. मीही दिली आणि मनातल्या मनात त्यांना ती गोष्ट सांगून टाकली. पण गेलेल्या माणसाला मनातल्या मनात सांगितलं काय आणि न सांगितलं काय! दीड महिना झाला, माझं जेवणात लक्ष नाही, कामात नाही. म्हणून इथं लिहितोय. अण्णांविषयी चांगलं लिहा असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांना बहुधा हे अपेक्षित नसेल.

आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. पंधराएक वर्षांपूर्वी देगलूरच्या एका महिला भजनी मंडळाची गाणी मी कॉम्प्युटरवर घेतली, सीडी काढून दिली, आणि आठवड्यात बायका ती परत घेऊन दारात उभ्या. त्यांतली पुढारीण म्हणाली, "सर, टाळ न्हाईत हे. स्टीलच्या ताटल्या पडल्यावानी वाजून राहिलंय. आमच्या घरचे ऐकतच न्हाईत." खरंच होतं ते. टाळ कानात टोचत होते. मी वरचा सूर कमी करून पाहिला तर टाळ बसले, पण बायकांच्या तोंडावर गोधडी टाकल्यासारखं व्हायला लागलं. महिनाभर चिडचिड केली, घरच्यांवर ओरडून झालं, शेवटी कुणीतरी सांगितलं की लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक अण्णा आहेत, त्यांच्याकडं जुनं स्पूलचं मशीन आहे, त्यांना दाखवा. मला हसू आलं. कॉम्प्युटरवर घेतलेलं गाणं घेऊन स्पूलवाल्याकडं जायचं म्हणजे मोटार दुरुस्तीला बैलाच्या नालवाल्याकडं नेण्यासारखं. पण गेलो.

कधीकाळी तिथं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. कॅसेटी गेल्या, रिकामे फळ्यांचे कप्पे राहिले, कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, आणि मधोमध टेबलावर ते धूड... दोन चाकं, त्यांच्यात पाव इंच रुंदीची तपकिरी पट्टी, दोन काटे आणि एक लाल दिवा. हैदराबादचा एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा अण्णांनी ते तुरीच्या पोत्यांवर ठेवून ट्रकमधून आणलं होतं आणि सगळा रस्ता स्वतः त्याला धरून बसले होते. त्यांनी माझं गाणं डोळे मिटून ऐकलं. मी म्हणालो, टाळ टोचतात. ते म्हणाले, "घेतलंस बेस. पर कच्चंच वाढलंस की रे गंगाधरा." पहिल्या भेटीत एकेरी, आणि वर नावानं. मला राग आला. शेजारी स्वयंपाकघर होतं, मधलं दार उघडंच. तिथं महानंदावहिनी चुलीवर ज्वारीच्या भाकरी करत होत्या. अण्णांनी तिकडं बोट दाखवलं. "तव्यावर भाजली की झाली का भाकर? तव्यावरनं काढून विस्तवाला लावावी लागती. तवा फुगली तर फुगली. तुझं कॉम्प्युटर म्हंजे तवा. आता शेकू."

शेकणं हा त्यांचा शब्द. इंग्रजीत या कामाला मोठं भारदस्त नाव आहे आणि मोठ्या शहरांत त्याचे कारखाने आहेत, पण आमच्या नांदेड-लातूरकडच्या भजनी मंडळांना, गोंधळ्यांना, शाहिरांना ठाऊक होतं ते एवढंच, की गाणं नांदेडला घ्यायचं आणि लातूरला शेकायचं. कॉम्प्युटरमधलं गाणं तारेनं मशीनमध्ये सोडायचं, पट्टीवर उतरवायचं, आणि पट्टीवरून पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं. एवढंच. घाई अजिबात चालायची नाही. विजेचा दाब कमी झाला की चाकं मंदावून सूर खाली ओघळतो, म्हणून अण्णा काट्याकडं बघत बसायचे आणि दुपारी दोनच्या पुढं म्हणायचे, "आता लाईट बरी हाय, सोड." प्रत्येक स्पूलच्या सुरुवातीला ते माईक उघडून आपल्या जड आवाजात गाणाऱ्याचं नाव आणि गाव सांगायचे, बाई असली तर माहेरचं गाव, मग माईक बंद करून गाणं सोडायचे. शेवटी हात वर करून म्हणायचे, "साकु!" त्यांची आई कानडी मुलखातली. साकु म्हणजे पुरे.

देगलूरच्या त्या टाळांचं काय झालं ते मी त्या दिवशी कानांनी ऐकलं आणि विश्वास ठेवायला वर्ष घेतलं. टाळ होते तेवढेच मोठे होते, पण टोचत नव्हते. बायका एकेक सुट्या उभ्या असल्यासारख्या वाटायच्या, त्या एका सतरंजीवर येऊन बसल्या. अण्णा सांगायचे, "कॉम्प्युटर लई कडक माणूस. आवाज हद्दीभाईर गेला की मुंडकंच छाटतो. पट्टी छाटत न्हाई, जरा दाबून घेती, म्हंती बस बाबा इथंच." तांत्रिक पुस्तकांत मी पुढं हेच वाचलं, दहा पानं लागली त्यांना. तरी मी हट्टी. एकदा मी एकच गाणं दोन परींनी तयार केलं, एक शेकलेलं, एक कोरं, आणि कुठलं कुठलं ते न सांगता वाजवलं. अण्णांची परीक्षा घ्यायची होती. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. वहिनी पीठ मळता मळता म्हणाल्या, "भावजी, ही दुसरी बाई हितं बसून गाती. पहिली फोनवरनं." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर मी वाद घातला नाही. मग वर्षानुवर्षं महिन्यातून एकदा खिशात पेनड्राइव्ह घालून लोहा, अहमदपूर करत लातूरला जाणं हा माझा नेम झाला. बिघडलेलं गाणं ते परत पाठवायचे. म्हणायचे, नासलेलं पीठ शेकून चांगलं होत नसतं, पुन्हा घेऊन ये.

वहिनी गायच्या. निलंग्याकडचं माहेर, आईकडून आलेली महादेवाची जात्यावरची गाणी, अर्धी मराठी, मध्येच एखादी ओळ कानडी. त्या कधी कुणापुढं गायल्या नाहीत, काम करता करता गायच्या. त्यांना दम्याचा त्रास होता. ओळ संपली की बारीक शिट्टी वाजल्यासारखा एक मोठा श्वास यायचा आणि मग पुढची ओळ. अण्णा त्याला "हिचा दम" म्हणायचे. इकडं मशीनपुढं बसल्या बसल्या त्यांचं बोट त्या दमावर टेबलावर पडायचं. मला म्हणायचे, "ठेका धरायला तबला कशाला पायजे? हिचा दम हाय की." त्यांना हे सगळं पट्टीवर घ्यायचं होतं. वहिनी दाद देत नव्हत्या. शेवटी एका लग्नाला दोघं नांदेडला आले असताना माझ्या बायकोनं वहिनींना गळ घातली, आणि जेवणं झाल्यावर पंखा बंद करून, घामाघूम होत, माझ्या खोलीत त्या पाच गाणी गायल्या. अण्णा आत आले नाहीत. "मी बसलो की ती लाजती," म्हणाले आणि ओसरीवर बसून राहिले.

आता जे केलं ते सांगतो. त्याच आठवड्यात मी ती गाणी धुवायला घेतली. मला वाटलं, वहिनींचा आवाज इतका गोड आणि मध्ये मध्ये ही शिट्टी, ही धाप. ऐकणारा म्हणेल आजारी बाई आहे. बांगड्या वाजत होत्या, त्या काढल्या. मग एकेक श्वास शोधून काढला, अगदी शेपटासकट, आणि त्या जागी निखळ शांतता भरली. पाच गाण्यांना दोन दिवस लागले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आणि ते काम मी जुन्याच नावानं जुन्याच जागी साठवलं. म्हणजे मूळ गाण्यांवर धुतलेली गाणी बसली आणि मूळ पुसली गेली. अशी चूक नवशिक्या करतो. माझ्या हातून ती झाली ती आळसानं, दुसरं नाव द्यायचा कंटाळा केला म्हणून.

त्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. दवाखान्यात नेईपर्यंत दम पुरला नाही. तेराव्याच्या आधीच, भेटायला गेलो तेव्हा, अण्णांनी मला बाजूला घेतलं. रडत नव्हते. म्हणाले, "गंगाधरा, तिची गाणी आण. शेकून ठेवतो. आन हे बघ, मळकं आण, धुतलेलं नको. तुझा हात लई धुतो." मी हो म्हणालो. तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही. अहमदपूरच्या पुढं कुठंतरी, बसमध्ये, एकदम आठवलं, की मळकं मी पुसून बसलोय.

घरी येऊन मी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही. जुने कॉम्प्युटर माळ्यावरून काढले. ड्रॉवरांतले पेनड्राइव्ह, सीड्या, एकेक लावून पाहिलं. पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडं डिस्क घेऊन गेलो, मग हैदराबादच्या एकाकडं. त्यानं चार दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, आता काही नाही. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडलो, पन्नाशी उलटलेला माणूस. अण्णांचा फोन आला की मी म्हणायचो, काम आहे, पुढच्या महिन्यात येतो. असे दहा महिने काढले. ते एकदाही चिडले नाहीत. फक्त म्हणायचे, "ये. लाईट बी सध्या बरी हाय."

शेवटी गेलो. धुतलेलीच गाणी घेऊन गेलो, आणि मळकी म्हणून दिली. अण्णांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, बोट टेबलावर ठेवलं. पहिली ओळ संपली. बोट उचललं गेलं... आणि हवेतच राहिलं. दुसरी ओळ सुरू झाली. पुन्हा बोट उचललं, पुन्हा राहिलं. असं त्यांनी अख्खं गाणं ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "हिचा दम ऐकू येत न्हाई मला." ती वेळ होती. सांगायला एवढी सरळ वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणालो, "आहे की अण्णा. बारीक आहे, पण आहे." त्यांनी हेडफोनची तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "मग माझे कानच गेले म्हणायचं." जो माणूस कानांवर जगला, ज्याच्या कानांपुढं मी पंधरा वर्षं मान तुकवली, त्याला मी माझी चूक झाकण्यासाठी बहिरं ठरवलं, आणि चहा पिऊन साडेचारच्या गाडीनं परत आलो.

अण्णांनी मशीनवर चादर टाकली. येणाऱ्या मंडळांना सांगायला लागले, आता मला ऐकू येत न्हाई, दुसरीकडं बघा. दुसरीकडं कुठं बघणार? मराठवाड्यात दुसरं कोण होतं? लोक मला विचारायचे, अण्णांना काय झालं हो? मी म्हणायचो, वय झालं. शेवटचं भेटलो तेव्हा ते खाटेवर होते, पायाला सूज होती. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो, वाक्यं पाठ केली होती. राजेश्वरी आत गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. माझा हात हातात घेऊन अण्णाच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. माझ्यामागं मशीन मधनंमधनं चालवत जा, न्हाईतर गंजल." मला वाटलं, त्यांच्या आजाराविषयी बोलतायत. मी मान हलवली. पाठ केलेली वाक्यं तशीच परत घेऊन आलो.

दिवस झाल्यावर राजेश्वरीनं खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "काका, आत एक स्पूल तुमच्यासाठी ठेवलंय म्हणाले होते. मागच्या उन्हाळ्यात आठ दिवस दुपारी कडी लावून बसायचे. मी म्हणलं, अण्णा, ऐकू येत न्हाई म्हणता आन मशीन कशाला लावता? तर नुस्तं हसायचे." मग सहज, जाता जाता म्हणाली, "आन कानाला काहीच नव्हतं हो त्यांच्या. तुम्ही गाणी देऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान मी बघितले न्हाईत." म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना माहीत होतं. दीड वर्ष माहीत होतं. आणि मंडळांसाठी चादर त्यांनी तरीही काढली नव्हती, लोकांना कान गेले असंच सांगत राहिले होते. का? तर खरं सांगितलं असतं तर गाणं कुणी बिघडवलं हे सांगावं लागलं असतं.

दुपारचे दोन वाजून गेले होते. काटा बघितला, लाईट बरी होती. चादर काढली, स्पूल चढवलं, पट्टी अडकवली, लाल दिवा लागला. आधी अण्णांचा आवाज आला, थकलेला, पण तोच. "महानंदा. माहेर निलंगा. आवाज घेतला नांदेडला, गंगाधरानं. शेकला लातुरात." मग थोडी खरखर आणि वहिनी गायला लागल्या. जवळ बसून. शपथेवर सांगतो, माझ्या कॉम्प्युटरवर त्या कधीच इतक्या जवळ नव्हत्या. पहिली ओळ संपली, जिथं मी शांतता भरली होती ती जागा आली, आणि तिथं कुणीतरी श्वास घेतला. मी दचकलो. दुसरी ओळ संपली, पुन्हा श्वास. वहिनींचा नव्हता. जड होता, थोडा थरथरता, म्हाताऱ्या पुरुषाचा. अण्णांनी माईक बंदच केला नव्हता. गाणं पट्टीवर उतरत असताना ते माईकपुढं बसून राहिले होते, आणि जिथं जिथं वहिनी दम घ्यायच्या तिथं तिथं, एकही जागा न चुकता, स्वतः दम घेत होते. पाचही गाण्यांत. एका ठिकाणी मला वाटलं चुकले, तर नाही, तिथं वहिनी खरंच दोन ओळी एका दमात म्हणायच्या. शेवटी हलकेच "साकु" आलं आणि पट्टीचं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं. मशीन बंद करायचं मला सुचेना. मी टेबलावर डोकं ठेवून अण्णा, अण्णा म्हणत राहिलो. आतून राजेश्वरी धावत आली, तिला मी तिथंच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फटफटणारं मशीन बंद केलं. अजून तिनं मला काही म्हटलेलं नाही.

पट्टी जुनी आहे, दर वेळी वाजवली की थोडी झिजते. म्हणून परवा मी माझा कॉम्प्युटर लातूरला नेला आणि त्याच टेबलावर बसून ती गाणी त्यात उतरवून घेतली, नव्या नावानं, तीन ठिकाणी. आजकालचे प्रोग्रॅम फार हुशार झालेत. गाणं आत गेल्या गेल्या त्यानं आपण होऊन तपासलं, अण्णांचा एकेक श्वास बरोबर ओळखला, प्रत्येकावर लाल खूण केली आणि पडद्यावर विचारलं, हे आवाज काढून टाकायचे का?

मी "नाही" दाबलं. मग दुसऱ्या गाण्याला त्यानं पुन्हा विचारलं. पाच वेळा विचारलं, पाच वेळा "नाही" दाबलं. पाचव्या वेळी मोठ्यानं म्हणालोही, "नाही हो अण्णा." शेजारच्या स्वयंपाकघरात राजेश्वरीचं लाटणं थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. मी मशीन पुसलं आणि चादर घडी करून फळीवर ठेवून दिली.